मास्तरांची ओली बाही

टाकी मास्तरांनीच वाहवली, अशी कुजबुज दुपारच्या चहाला सुरू झाली आणि संध्याकाळी फाटक बंद होईपर्यंत वॉचमनपासून टायपिस्टबाईंपर्यंत सगळ्यांच्या तोंडी झाली. पाहुण्यांसमोर, भर कार्यक्रमात, निव्वळ जळफळाटापोटी. पुरावा काय, तर मास्तरांची उजवी बाही कोपराच्या वरपर्यंत भिजलेली होती आणि त्यांचा हात पाण्याच्या व्हॉल्व्हच्या चाकावर होता. चाळीस माणसांनी पाहिलं. मीही पाहिलं, आणि निदान चार ठिकाणी तिखटमीठ लावून सांगितलं, हे नाकारत नाही. माझी नोकरी भांडारात, सुटे भाग देण्याची. पण सुट्या भागांपेक्षा सुट्या बातम्यांचा साठा माझ्याकडे जास्त, असं टायपिस्टबाई म्हणायच्या. त्या बातम्या मला पुरवायचं कोण, हे मात्र त्या सोयीने विसरायच्या.

आता मास्तर कोण, ते सांगतो.

आमचं प्रशिक्षण केंद्र. निरनिराळे कारखाने आपले नवेकोरे इंजिनियर सहा आठवड्यांसाठी आमच्याकडे पाठवायचे. कारखान्यात पाणी किती चढलं, वाफ किती तापली, कुठे किती दाब आहे, हे सगळं माणूस तिथे उभा न राहता आपोआप कसं सांभाळलं जातं, त्याची मुळाक्षरं इथे गिरवायची. ती गिरवून घेणारे ते मास्तर. स्वतःजवळ पदवी नाही. मापकं दुरुस्त करणारा फिटर म्हणून लागले आणि पुढे पदवीवाल्यांना शिकवायला उभे राहिले. बुटके, खिशात बोटाएवढा स्क्रू-ड्रायव्हर, आणि पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला. बारा महिने तेरा काळ पाण्याशी खेळणारा माणूस, पण त्या बाहीवर कुणी कधी थेंब पाहिला नव्हता. यावर आमच्यात पैजा लागायच्या.

पहिल्या दिवशीचा धडा ठरलेला. एका इंजिनियरला पुढे बोलवायचे.

“पदवी कुठल्या श्रेणीत?”

“प्रथम, सर. विशेष प्रावीण्यासह.”

“वा. हा नळ धरा. पिंपात खडूची रेघ आहे, पाणी तिथेच राहिलं पाहिजे. तुमचा हा मित्र खालची तोटी वाटेल तशी उघडेल.”

एवढं जमलं की मास्तर त्याचे डोळे रुमालाने बांधायचे. तिसऱ्या पोराने पातळी बघून ओरडून सांगायची, पण दहा अंक मोजून मग. झालं! नळावरचा भिडू जुन्या बातमीवर नळ सोडायचा, पाणी रेघ ओलांडून जायचं, तो घाबरून बंद करायचा, पाणी तळाला जायचं, आणि पंधरा मिनिटांत विशेष प्रावीण्य गुडघ्यापर्यंत भिजून उभं असायचं.

“बातमी उशिरा पोचली की काय होतं कळलं?” मास्तर म्हणायचे. “आता पुस्तक उघडा.”

पुस्तकातलं कंट्रोलरचं, म्हणजे पातळी आपोआप सांभाळणाऱ्या यंत्राचं, गणित ते तीन भावांच्या संसारात बसवून सांगायचे. थोरला भाऊ फक्त आत्ताची चूक बघतो. मधला मागच्या सगळ्या चुका उगाळत बसतो आणि जोवर चूक मिटत नाही तोवर जोर वाढवतच नेतो. धाकट्याला पुढची भांडणं आधी दिसतात. “तिघांना एका घरात नांदवणं म्हणजे कंट्रोल. आमच्या घरी तिघांचं काम एकटी मास्तरीणबाईच करते.” हे वाक्य त्यांनी किमान दोनशे तुकड्यांना ऐकवलं असेल. मास्तरीणबाईंना ते माहीत होतं. त्या म्हणायच्या, “मला चिडवून दोनशे तुकड्या शहाण्या झाल्या, एक माणूस मात्र तसाच राहिला.”

हॉलच्या मध्यभागी मास्तरांनी उभारलेला सांगाडा होता. खाली एक मोठी टाकी, वर स्टँडवर काचेची दुसरी, मध्ये पंप, नळ्या, आपोआप उघडझाप करणारा व्हॉल्व्ह, वेळ पडली तर तो हाताने बंद करायचं चाक, आणि बाजूला कंट्रोलरचं कपाट. निम्मं सामान माझ्या भांडारातल्या भंगारातून गेलेलं. काच बंद पडलेल्या माशांच्या दुकानातली. पाणी फार चढलं तर पंप बंद पाडायला वरच्या टाकीत तांब्याचा एक तरंगता गोळा होता, तो सरळ संडासाच्या टाकीतून काढलेला. तीन वर्षं खपून उभारलेल्या या सांगाड्याला मास्तर ‘थोरली’ म्हणायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून कुणी हसायचं नाही. म्हणजे, समोर नाही.

थोरलीत ते गुपचूप बिघाड करून ठेवायचे आणि पोरांना शोधायला लावायचे. एखादी वायर सैल कर, नळीत कापसाचा बोळा बसव, व्हॉल्व्हची चाल उलटी कर. याला ‘खोडी’ म्हणायचं. प्रत्येक खोडी एका जाड वहीत: लक्षण काय, कारण काय, कोणी शोधली, किती मिनिटांत. वीस वर्षांत एकशे चौदा खोड्या साठल्या. ती वही मास्तर कुणाच्या हाताला लागू देत नसत. एकतिसावी खोडी त्यांनी एकदा मला वाचून दाखवली होती: “लक्षण: सगळे आकडे ठीक, घरात शांतता. कारण: वायर तुटली आहे, शेवटचाच आकडा दिसतो आहे. उपाय: आकड्यावर विसंबू नये, जाऊन तोंड बघावं.” बाईंनी चार दिवस अबोला धरला होता, तेव्हाची.

आणि एक नियम. दुरुस्ती करताना कधी कधी खरा आकडा बाजूला सारून कंट्रोलरमध्ये हाताने खोटा आकडा बसवावा लागतो. त्या धंद्यात याला ‘फोर्स करणं’ म्हणतात. मास्तरांची ना नव्हती. पण फोर्स केला की कपाटाच्या खिळ्यावर लाल पाटी टांगायची, स्वतःचं नाव आणि वेळ लिहून. फोर्स काढल्याशिवाय पाटी काढायची नाही. “खोटं बोलावं लागतं रे कधी,” ते म्हणायचे, “पण गळ्यात पाटी घालून बोल.” पाटी विसरलेल्या एका इंजिनियरला, चांगल्या मिशाळ बाप्याला, त्यांनी दिवसभर ती खरोखर गळ्यात घालून हिंडवलं होतं.

आता भाचा.

मास्तरीणबाईंची धाकटी बहीण वारली तेव्हा तिचा मुलगा इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. बाई त्याला घरी घेऊन आल्या. पुढच्या खोलीत त्याची कॉट पडली, मास्तरांची आरामखुर्ची गॅलरीत गेली. तीन वर्षं तो तिथे राहिला. घरी ‘काका’, हॉलमध्ये ‘सर’. दारातून आत पाऊल टाकताना एका श्वासात संबोधन बदलायचा, त्याचं मास्तरांना भारी कौतुक. पोरगं खरंच हुशार. बारावी खोडी, जी शोधायला लोकांना अख्खी दुपार लागायची, ती त्याने चार मिनिटांत पकडली. मास्तर वही घेऊन माझ्या भांडारात धावत आले. “भांडारवाले, हे बघा, चार! साडेचारसुद्धा नाही!” मी म्हटलं, “मास्तर, शर्टाची बटणं तुटतील, छाती जरा आत घ्या.” केंद्रात तो सहायक म्हणून लागला. कंट्रोलरच्या कपाटाच्या दोन किल्ल्या होत्या. एक नंबरची मास्तरांकडे. दोन नंबरची मी भाच्याला दिली, माझ्या रजिस्टरात सही घेऊन.

मग नवे साहेब आले. कपड्यांची घडी इतकी कडक की बसताना आवाज यायचा, म्हणून आम्ही त्यांना इस्त्रीसाहेब म्हणायचो. हॉलमध्ये आले, फरशीवरच्या ओल्या फडक्याकडे बघितलं आणि म्हणाले, “हे प्रशिक्षण आहे की धुणंभांडी?” त्यांच्या मनात होतं थोरली मोडून संगणक मांडायचे, पाणी पडद्यावरच दाखवायचं. कारखान्यांचे वरिष्ठ पाहुणे बोलवायचे, दोन्ही प्रकार दाखवायचे आणि त्याच दिवशी निकाल लावायचा, असं ठरलं.

मास्तर माझ्याकडे येऊन स्टुलावर बसले. “थोरली गेली तर मी इथे काय करू हो? पडद्यावरच्या पाण्याने कुणाचे पाय भिजतात?”

“भाचा आहे ना साहेबांच्या मर्जीतला,” मी म्हटलं. “तो सांगेल.”

“सांगेल,” मास्तर म्हणाले. “तो आहे म्हणून तर घोर नाही.”

त्याच आठवड्यात भाच्याने वही मागितली. “काका, पानं सुटायला लागलीत. दोन दिवस द्या, नीट टाईप करून ठेवतो.” मास्तरांनी दिली. स्वतः कागदात गुंडाळून दिली. दोन दिवसांचे दोन महिने झाले.

कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी माझ्याकडे छापखान्यातून खोकी आली. आत गुळगुळीत पुस्तिका: ‘पाण्याविना प्रशिक्षण: पडद्यावरचे एकशे चौदा बिघाड’. खाली संकल्पना आणि रचना, आणि भाच्याचं नाव. माझ्या हाताला खाज सुटते, ती सुटलीच. एक प्रत पिशवीत टाकली आणि घरी जाता जाता मास्तरांच्या दारी थांबलो.

मास्तरीणबाई भाजी निवडत होत्या. पुस्तिका घेतली, चष्मा पुसला, चाळायला लागल्या. एका पानावर हात थांबला.

“सगळे आकडे ठीक, कारण वायर तुटली आहे, शेवटचाच आकडा दिसतो आहे,” त्यांनी वाचलं. “भांडारवाले, हे माझ्यावरचं आहे.”

“तुमचा उल्लेख गाळलाय,” मी म्हटलं.

“माझा गाळला ते बरं केलं. ह्यांचा कुठाय?”

तेवढ्यात भाचा आत आला. “मावशी, भूक लागलीय.” पुस्तिका दिसली तसा जरा अडखळला, मग हसला. “अगं, काकांचा उल्लेख आहे की! शेवटच्या पानावर, आभारात.”

बाईंनी शेवटचं पान काढलं. तिथे लिहिलं होतं: ‘प्रयोगशाळा कर्मचाऱ्यांचे सहकार्य लाभले.’

मास्तर हात धुऊन आले होते, टॉवेल खांद्यावर. त्यांनी बाईंच्या खांद्यावरून ती ओळ वाचली. “कर्मचारी मीच ना? मग आहे की,” म्हणाले. “वाढ त्याला. सकाळपासून राबतोय.”

भाच्याने वही आणून दिली ती दुसऱ्या दिवशी. पानं तशीच सुटलेली.

कार्यक्रमाच्या आधी हॉलची रंगरंगोटी झाली. “संडासातला गोळा पाहुण्यांना दाखवायचा?” असं साहेबांनी विचारलं आणि भाच्याने तांब्याचा गोळा काढून माझ्याकडे जमा केला. मी पावतीही दिली. खिळा उपटला, लाल पाटी खणात गेली. कंट्रोलरमध्ये कुणी काहीही केलं की वेळ आणि किल्लीच्या क्रमांकासकट कागदी पट्टीवर छापणारा एक छोटा प्रिंटर होता. त्याची टकटक नको म्हणून तो पडद्यामागे सरकवला. आणि मास्तरांना सांगितलं, “तुम्ही पंपाजवळ उभे राहा. शोभा येईल. पण कशालाही हात लावू नका.”

कार्यक्रम अकराला सुरू झाला. साहेबांचं भाषण, फुलं, मग बाराच्या सुमाराला भाचा उठला. मोठ्या पडद्यावर पाण्याच्या पातळीची निळी रेघ, पन्नासावर, पट्टीने ओढल्यासारखी सरळ. थोरली बाजूला चालू. भाचा म्हणाला, “आता मी पातळी साठ मागतो. कंट्रोलर स्वतः व्हॉल्व्ह उघडेल, बघा.”

उघडला की! पाणी चढायला लागलं. रेघ मात्र पन्नासावरच. कंट्रोलरच्या हिशेबी चूक मिटतच नव्हती, आणि तो चुका उगाळणारा मधला भाऊ व्हॉल्व्ह आणखी उघडत गेला, आणखी उघडत गेला. चढलेल्या पाण्यावर वाजणारा भोंगाही त्याच आकड्यावर बांधलेला, तो कशाला वाजतोय? चाळीस माणसं पडद्याकडे बघत होती. काचेकडे बघणारा एकच.

“अरे, काच बघ,” मास्तर म्हणाले.

“एक मिनिट हं, सर.”

“काच बघ!”

“मास्तर, प्रश्न शेवटी,” साहेब म्हणाले.

आणि टाकी वाहिली. पहिल्या रांगेतले चकचकीत बूट, फुलांच्या कुंड्या, पुस्तिकांचा ढीग, सगळं पाण्यात. कुणी खुर्चीवर चढलं, कुणी किंचाळलं. गलका ऐकून वळून बघतो तर मास्तर कोसळत्या पाण्यात खांद्याने घुसलेले, हात चाकावर, बाही चिंब. पाणी थांबलं. ते आमच्याकडे वळले आणि त्यांनी एकच विचारलं, “लाल पाटी कुठंय?”

 म्हातारा भांबावला, एवढंच वाटलं. नंतर आम्ही सगळ्यांनी तेही कुजबुजीत जोडलं, की बघा, मनात पाप म्हणून काहीतरी बरळला.

साडेबाराला साहेबांनी भाच्याला खोलीत बोलावलं. मी कोरडी फडकी घेऊन तिथेच होतो. साहेबांचा पायमोजा पिळून निघालेला, आवाज मात्र कडकच.

“तू शेजारी होतास. मास्तरांनी काही फिरवलं?”

भाच्याने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. बरंच पाहिलं. “ते चाकाजवळ होते, एवढं मी पाहिलं, साहेब. बाकी... नक्की काही सांगता येणार नाही.”

काका नाही, सर नाही. ते.

मास्तर दारात उभे होते. केव्हा आले कुणास ठाऊक. ओल्या बाहीचं सुटलेलं बटण ते लावत होते, आणि ओल्या काजात ते काही जाईना. मी म्हटलं, आता बोलतील. दोनशे तुकड्यांना पाणी पाजणारा माणूस. त्यांनी बटण लावलं, भाच्याकडे बघून म्हणाले, “लवकर ये. मावशी जेवायची थांबलीय,” आणि हॉलकडे गेले.

महिन्याभरात थोरली मोडली. तिचे तुकडे माझ्याकडेच जमा झाले आणि मीच ते भंगारात दिले. मास्तरांना निवृत्तीच्या दोन वर्षं आधीच घरी बसवलं. भाच्याला त्यातल्याच एका पाहुण्याच्या कारखान्यात मोठी जागा मिळाली, तो परगावी गेला, पुढे देशाबाहेर. वर्षातून एकदा मावशीला फोन. “काका आहेत का?” “आहेत.” “बरं आहे ना त्यांचं?” “आहे.” आणि खाली ठेवायचा. कॉट तशीच पुढच्या खोलीत राहिली. आरामखुर्चीही गॅलरीतून आत आली नाही.

मास्तर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पाण्याच्या टाक्या बघायला लागले. कुणाची वाहतेय, कुणाचा गोळा अडकलाय. बाह्या दुमडून. हो, आता बाह्या दुमडलेल्या असायच्या.

एकदा रस्त्यात भेटले तेव्हा माझी जीभ वळवळली. “मास्तर, इतकी वर्षं झाली. आता तरी सांगा, चाक फिरवलंत ना?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. “भांडारवाले, तुम्ही जन्मभर व्हॉल्व्ह देत आलात. चाक उजवीकडे फिरवलं की काय होतं?”

“बंद होतो.”

“हं,” म्हणाले, आणि पिशवी सावरत पुढे गेले. मी तो किस्सासुद्धा दुसऱ्या दिवशी मजेत सांगितला. बघा, कबूल केलं, म्हणून.

मास्तर वारले त्यानंतर दोन महिन्यांनी मास्तरीणबाईंनी मला बोलावलं. जुनी पुस्तकं कुणाला द्यायची ते विचारायला. टेबलावर खोड्यांची वही होती. मी सवयीने शेवटचं पान उघडलं. एकशे चौदाच्या खाली, मास्तरांच्या अक्षरात आणखी एक होती.

‘खोडी एकशे पंधरा. लक्षण: सगळे आकडे ठीक, काचेत पाणी वाढते आहे. कारण: आकडा फोर्स केलेला, लाल पाटी नाही. कोणी शोधली:’ आणि पुढे कोरं.

पानाला टाचणीने प्रिंटरची पट्टी लावली होती, पाण्याने सुरकुतलेली. त्या दुपारी हॉल पुसला जात असताना त्यांनी ती फाडून घेतली असणार.

“वाचा हो,” बाई म्हणाल्या. “बारीक आहे, मला दिसत नाही.”

मी वाचली. दोनच ओळी होत्या. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, सायंकाळी पाच दहा: पातळी पन्नासावर फोर्स, किल्ली क्रमांक दोन. कार्यक्रमाच्या दिवशी, दुपारी बारा बावीस: फोर्स काढला, किल्ली क्रमांक दोन.

“दोन नंबरची कुणाकडे होती?”

“माझ्या रजिस्टरात त्याची सही आहे,” मी म्हटलं.

बाईंनी वही मिटली. “हे मला नाही बोलले कधी,” म्हणाल्या. मग, “माझ्या बहिणीचा ना तो.” आणि उठून पुढच्या खोलीतल्या कॉटवरची चादर काढायला लागल्या. मी दुसऱ्या टोकाला धरली.

तर टाकी मास्तरांनी वाहवली नाही. पडद्यावरची रेघ सरळ दिसावी म्हणून भाच्याने आदल्या संध्याकाळी आकडा पन्नासावर फोर्स केला आणि काढायला विसरला. मास्तरांनी चाक उजवीकडे फिरवून पाणी बंद केलं, बाही त्यात भिजली. बारा बावीसला भाच्याने फोर्स काढला. साडेबाराला साहेबांनी विचारलं तेव्हा त्याला सगळं माहीत होतं.